बार्शी लाइट (लेखांक नववा) : मिरजेऐवजी दाभोळ

बार्शी लाइट रेल्वेच्या पंढरपूर-मिरज फाट्याचा हिशेब आज मांडणार होतो, तो पुढच्या रविवारी. १९२७ सालचा फाटा आहे, आणखी एक आठवडा दम धरेल. मध्येच कुर्डुवाडीच्या एका वाचकांचं पत्र आलं. लिहितात, "इतिहास असावा तर कोकणातल्या बंदरांना. आमच्याकडे ना किल्ला, ना लेणी. रूळ तेवढे होते, तेही उखडले."

लेण्यांचा विषय त्यांनीच काढला, तर अण्णा शिरगावकरांबद्दल लिहायलाच हवं.

अण्णा दाभोळचे. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथलं हे बंदर बहमनी काळात एवढं गजबजलेलं, की अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी मायदेशी निघाला तो इथूनच जहाजात चढून. १५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज अल्मेदाने ते जाळून लुटलं. म्हणजे वैभव होतं खरं, पण अण्णांच्या वाट्याला आलं ते एक झोपाळू गाव. अण्णा पुरातत्त्व खात्यातले नव्हते. तरी खेडोपाडी हिंडून नाणी, ताम्रपट, जुने कागद गोळा करत राहिले, 'शोध अपरान्ताचा'सारखी पुस्तकं लिहिली. २०२२ साली गेले.

१९७०च्या सुमारास दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीचा ताम्रपट त्यांच्यामुळे उजेडात आला. शके १०६१, म्हणजे इसवी सन ११३९चा. शिलाहार राजा अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचं ते दानपत्र, आणि त्यात प्रणालक ही राजधानी. प्रणालक म्हणजेच पन्हाळे. त्या धाग्यावरून पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे तिथे पोचले आणि कोटजाई नदीकाठची २९ लेणी अभ्यासकांसमोर आली. आधी बौद्ध, मग गाणपत्य आणि नाथपंथी. देशपांड्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला.

मला यात मोठं वाटतं ते हे : पत्रा हाती आला, तो वाचू शकणाऱ्यापर्यंत गेला आणि कुठे सापडला तेही त्याच्यासोबत गेलं. घरातल्या कपाटात राहिला असता तर तांब्याच्या भावानेच मोजला गेला असता. संग्रह करणारे पुष्कळ असतात; दुसऱ्याच्या हाती द्यायची दानत थोड्यांकडे असते.

आता कुर्डुवाडी. १८९७ साली बार्शी लाइट उभारणाऱ्या कॅलथ्रॉपची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून बार्शीला सुटली तेव्हा स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर. १९५४ साली सरकारने कंपनी घेतली आणि पुढे सगळी लाइन मोठी झाली. हा इतिहास कुठल्या कड्यात कोरलेला नाही. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्यांच्या ट्रंकांत आहे : पास, बिल्ले, हातकंदील, फिटरांच्या टोळीचे फोटो. माळा साफ करताना आधी जातात ती हीच.

तेव्हा पत्रलेखकांना आणि तुम्हा सर्वांना विनंती : असा फोटो घरात असेल तर आजोबांकडून त्यातली नावं, साल आणि शेड कुठली ते विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि एक प्रत मला पाठवा.