विश्लेषण : मुंबईत बांधलेल्या युद्धनौकेचा ‘खरा’ रंग कोणता? छोटी प्रतिकृती रंगवताना नेमकं काय चुकतं?

नंदुरबार : जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पण टेबलावरच्या सागरी लढाईला समुद्र लागत नाही. बोटभर लांबीच्या युद्धनौका, फासे आणि मोजपट्टी एवढ्यावर हा खेळ रंगतो. नौकांच्या प्रतिकृती ऑनलाइन मागवता येतात. प्रश्न पडतो तो ब्रश हातात घेतल्यावर : रंग कोणता द्यायचा? मुंबईत बांधलेल्या ‘एचएमएस त्रिंकोमाली’च्या उदाहरणावरून हे समजून घेऊया.

ही नौका कोणती?

जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागापासून ही नौका बांधली गेली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिचा तोफांचा मजला सुमारे ४६ मीटर लांब आहे. १:१२०० या प्रमाणात ही लांबी चार सेंटीमीटरही भरत नाही.

पिवळा पट्टा की पांढरा?

सर्वाधिक चूक इथेच होते. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनच्या ताफ्यात काळ्या नौकेवर पिवळे पट्टे आणि तोफांच्या खिडक्यांना काळी झापडं अशी रंगसंगती होती. धुरात आपली नौका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. मात्र १८१५ नंतर पिवळ्याची जागा हळूहळू पांढऱ्याने घेतली. त्रिंकोमाली प्रत्यक्ष नौदल सेवेत आली ती १८४७ मध्ये. त्यामुळे तिला पांढरा पट्टाच शोभतो. याच गोदीतली ‘एचएमएस मिंडेन’ १८१० ची. तिला पिवळा पट्टा चालेल. गोदी तीच, लाकूड तेच, पण सात वर्षांच्या फरकाने रंग बदलतो.

डेक तपकिरी नको, मग कसा?

साग म्हटलं की डोळ्यांसमोर पॉलिश केलेलं तपकिरी फर्निचर येतं. पण नवापूर, अक्कलकुवा भागात उन्हापावसात वर्षानुवर्षे उभा असलेला सागाचा खांब पाहा. तो करडा, चंदेरी झालेला असतो. जहाजाच्या डेकचंही तेच होतं. म्हणून फिकट करड्यात किंचित पिवळसर छटा मिसळली की डेक खरा वाटतो.

डब्यातला रंग गडद का दिसतो?

खरी नौका आपण दुरून पाहतो. मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका दिसतो. हातातल्या प्रतिकृतीला तोच मूळ रंग दिला तर ती जास्त काळपट भासते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळतात आणि निव्वळ काळ्याऐवजी गडद राखाडी वापरतात.

पोलादी नौकांचं काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमाराने काळा-पांढरा-बदामी थाट सोडून राखाडी रंग स्वीकारला. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून जहाजांवर वेडेवाकडे पट्टे आले. उद्देश जहाज लपवण्याचा नव्हता, तर त्याची दिशा आणि वेग ओळखताना शत्रूच्या पाणबुडीला चकवण्याचा होता. पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झालेल्या माउंटबॅटन यांनी १९४० मध्ये आपल्या विनाशिकांना चक्क गुलाबी-जांभळट रंग दिला. पहाटे आणि संध्याकाळच्या प्रकाशात नौका दिसेनाशी व्हावी, ही त्यामागची कल्पना.

सुरुवात कुठून करायची?

आधी ठरवा : नौका कोणत्या वर्षी, कोणत्या समुद्रात आणि कशासाठी निघाली आहे? हे तीन मुद्दे कागदावर लिहा आणि मगच रंगाचा डबा उघडा. एकाच नौकेचा रंग तिच्या आयुष्यात अनेकदा बदलतो. टेबलावर ती कोणत्या लढाईत उतरणार, यावरच तिचा ‘खरा’ रंग ठरतो.