पेट्रोलमध्ये ऊस, उसाच्या गाडीला डिझेल

०.६ आणि ०.०१. इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या हवेचा हिशेब मांडायचा तर या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. पंचवीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाने एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, काम करताना फार तर ०.६ ग्रॅम काजळी सोडावी अशी सरकारी मर्यादा आहे. भारत स्टेज ६ च्या मालट्रकला तेवढ्याच कामासाठी मुभा आहे ०.०१ ग्रॅमची. फरक साठपट. बारामती-इंदापूर रस्त्यावर ही दोन्ही वाहनं एकामागोमाग धावतात, एकाच पंपावर डिझेल भरतात आणि गळीत हंगामात एकाच काट्यावर वजन करतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलं. ट्रॅक्टरलाही हेच स्वच्छ डिझेल मिळतं, पण नव्या ट्रकला धूर गाळणारा फिल्टर असतो, तो या ट्रॅक्टरला नाही. त्यामुळे इंधन सुधारलं तरी धुरात त्या मानाने फरक पडला नाही. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना कडक निकष लागायचे होते ऑक्टोबर २०२० मध्ये. मुदतवाढ मिळत मिळत ते लागले १ जानेवारी २०२३ ला. त्यांची मर्यादा ०.०२५ ग्रॅम. त्याखालच्या ट्रॅक्टरांना त्यातून वगळलं. शेतकऱ्याचं औत महाग होऊ नये हे कारण रास्तच आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा ट्रॅक्टर औत कुठे असतो? मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्ही अंगांनी आलेली वाढी, पुढे कर्णा लावून गाणी, आणि चढाला सायलेन्सरमधून निघणारा काळा लोट. तो त्या महिन्यांत मालवाहू वाहनच असतो.

या पट्ट्यात कारखाने तरी किती! भवानीनगरचा छत्रपती, बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरातले कर्मयोगी आणि नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा खासगी बारामती ॲग्रो. सभासद एका कारखान्याचा आणि ऊस दुसऱ्याला, हेही इथे नवं नाही. दर आणि तोडणीची तारीख जिकडे बरी, तिकडे ऊस जातो. मग जवळचा कारखाना सोडून लांबच्या गव्हाणीत मोळी पडते. या जादा अंतराचं डिझेल कुणाच्या हिशेबात येत नाही.

आता इथेनॉलकडे वळू, कारण स्वच्छ इंधन म्हटलं की साखरपट्ट्यात पहिलं नाव त्याचंच निघतं. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाने ही योजना सुरू झाली. २०१३-१४ मध्ये देशाचं सरासरी मिश्रण होतं अवघं १.५३ टक्के. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठलं, २०२३-२४ मध्ये साडेचौदाच्या पुढे गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्के झालं. मूळ धोरणात हे लक्ष्य २०३० सालचं होतं. ५ जून २०२१ ला पंतप्रधानांनी शंभर टक्के इथेनॉल देणाऱ्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला, तोही पुण्यातच. वेग थक्क करणारा आहे, यात वाद नाही.

हवेला यातून काय मिळालं? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार २० टक्के मिश्रणाने दुचाकीतला कार्बन मोनॉक्साइड ५० टक्क्यांपर्यंत आणि चारचाकीतला ३० टक्क्यांपर्यंत घटतो. न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २० टक्के कमी होतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत ठाम असा फरक दिसत नाही. मायलेजची तक्रारही निराधार नाही: लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. पाचवा हिस्सा इथेनॉल घातलं की लिटरमागे जवळपास सात टक्के ऊर्जा कमी होते. जुन्या चारचाकींना आयोगाने सांगितलेली घटही ६ ते ७ टक्क्यांचीच आहे. दुचाकींना ३ ते ४.

पाण्याचा हिशेब मात्र पंपावर कुणी लावत नाही. एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं आणि त्याच अहवालाच्या अंदाजाने उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागतं. मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल भरलं की त्यातलं दोन लिटर इथेनॉल. ते सगळं उसाचं असेल तर ५,७२० लिटर पाणी. दहा हजारी टँकरचा निम्म्याहून जास्त. मोलॅसिसपासून केलेल्या इथेनॉलवर हे सगळं पाणी टाकणं न्याय्य नाही, कारण त्याच उसाची साखरही निघालेली असते. शिवाय अलीकडे देशातल्या इथेनॉलमध्ये मक्यासारख्या धान्याचा वाटा उसापेक्षा जास्त झाला आहे. तरीही नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या भागाने हा आकडा पाठ ठेवावा.

पण माझा मुद्दा पाण्याचा नाही, डिझेलचा आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४ कोटी टन पेट्रोल खपलं आणि सुमारे ९ कोटी १४ लाख टन डिझेल. इथेनॉल जातं पेट्रोलमध्ये. डिझेलमध्ये ते नीट मिसळत नाही, म्हणून आता आयसोब्युटेनॉलसारखे पर्याय तपासले जात आहेत. म्हणजे आपल्या उसाने पुण्या-मुंबईच्या मोटारींचा धूर थोडा निवळला आणि तोच ऊस कारखान्यावर नेणारा ट्रॅक्टर होता तसाच राहिला.

किती धूर? गणित करून पाहू; यातली गृहीतकं माझी आहेत, आपापल्या कारखान्याचे आकडे घालून वाचकांनी ती तपासावीत. हंगामात दहा लाख टन गाळप करणारा कारखाना घ्या. सरासरी अंतर २५ किलोमीटर, जाऊन-येऊन ५०. लिटरला सरासरी अडीच किलोमीटर, खेपेला २० टन. म्हणजे खेपेला २० लिटर, टनाला एक लिटर, हंगामाला दहा लाख लिटर डिझेल. नंबर लागेपर्यंत अड्ड्यावर इंजिन सुरू ठेवून पुढे सरकण्यात जे जळतं ते यात धरलेलं नाही. लिटरमागे तीन युनिट काम धरलं तर तीस लाख युनिट. ट्रॅक्टरच्या मर्यादेने काजळी १,८०० किलो, बीएस-६ च्या मर्यादेने ३० किलो. कार्बन डायऑक्साइड लिटरमागे २.६८ किलोने सुमारे २,७०० टन; तो मात्र इंजिन कोणतंही असलं तरी निघणारच.

याच कारखान्याच्या मागच्या अंगाला उत्तर पडलेलं असतं. गाळपाच्या साधारण ४ टक्के प्रेसमड, म्हणजे रस शुद्ध करताना उरणारा गाळ, निघतो: ४० हजार टन. २५ टन प्रेसमडपासून एक टन बायो-सीएनजी मिळतो असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे १,६०० टन गॅस. किलोभर गॅसमध्ये लिटरभर डिझेलपेक्षा उष्णता जास्त असते, पण गॅसचं इंजिन थोडं उधळं, म्हणून हात आखडून किलोला लिटर धरू. सोळा लाख लिटर डिझेलइतका गॅस, आणि गरज दहा लाखांची. सगळी ऊसवाहतूक भागून गॅस उरतो.

सीएनजीवर चालणारा ट्रॅक्टर ही कल्पना राहिलेली नाही. डिझेलचा ट्रॅक्टर बदलून सीएनजीवर चालवलेला नितीन गडकरींनी फेब्रुवारी २०२१ मध्येच दाखवला होता. अडचणी आहेत. प्रकल्पाला कोट्यवधी रुपये लागतात, हंगाम चार-पाच महिन्यांचा, प्रेसमड साठवला की त्यातला गॅस घटत जातो. शेतकरी प्रेसमड खत म्हणून नेतात, पण गॅस काढल्यावरही उरलेल्या लगद्यात खताचा कस राहतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ योजनेने अशा ५,००० बायो-सीएनजी प्रकल्पांचं लक्ष्य २०२३-२४ साठी ठेवलं होतं. मुदत संपली तेव्हा त्यातले पाच टक्केही उभे नव्हते. आता शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के बायोगॅस मिसळण्याचं बंधन आलं आहे. गिऱ्हाईक नक्की झालं, हे चांगलं. पण इथेनॉलसारखाच हाही गॅस शहराच्या पाइपात जाणार असेल, तर आपल्याकडे पुन्हा धूरच उरेल. आधी आपली ऊसवाहतूक भागवावी, उरलेला गॅस विकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेवरच्या वाहनांबद्दल थोडक्यात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना तीनचाकी बनवतो, त्यात विजेवरच्याही आहेत. देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून अधिक आता विजेवरच्या आहेत. लासुर्णे, जंक्शन, वालचंदनगर अशा जवळच्या फेऱ्यांना त्या परवडतील. वीस टन ऊस ओढायला मात्र आज तरी गॅसचाच पर्याय व्यवहार्य दिसतो.

कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप असतं, उतारा असतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च रुपयांत असतो. वाहतुकीला किती लिटर डिझेल जळलं, हा रकाना सहसा नसतो. तोडणी-वाहतूक उसाच्या एफआरपीतूनच (सरकारने ठरवलेल्या किमान दरातून) वजा होते, म्हणजे ते डिझेल सभासदाच्याच पैशाचं. तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत दरावर बोलून झालं की माईक ठेवण्याआधी दोन आकडे मागा: वाहतुकीचं डिझेल किती लिटर, आणि प्रेसमड किती टन.