फर्माईश आणि पायाखालचे आकडे

यात्रेतला ऑर्केस्ट्रा सत्कार संपल्यावर सुरू होतो, आणि सत्कार कधी संपतील हे सरपंचांनाही सांगता येत नाही. पत्रिकेत सातची वेळ असते, पहिलं गाणं साडेआठला लागतं आणि दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो. सातारा जिल्हा असो की सांगली, हिशेब तोच. उरलेल्या दीड तासात पंधरा-सोळा गाणी बसवायची, तीही ठरलेल्या क्रमानं नव्हे. स्टेजवर चिठ्ठी येते, निवेदक ती वाचतो, कीबोर्डवाला पट्टी सांगतो आणि ढोलकीवर थाप पडतेसुद्धा.

गिटारवाल्याची पंचाईत इथे होते. कोळीगीताला स्वच्छ आवाज आणि वर थोडा कोरस. लगेच पंचमदांचं गाणं आलं तर कोरस बंद, वाह चालू, ओव्हरड्राइव्ह थोडा. मागोमाग भक्तिगीत, म्हणजे लांब रिव्हर्ब आणि मंद डिले. प्रत्येक वेळी खाली वाकून चार बटणं दाबायची आणि एक खुंटी फिरवायची. तोवर मुखडा निम्मा झालेला असतो.

आता माझ्या पायापुढे बटणांचा एक मिडी कंट्रोलर असतो. त्यातून आवाज जात नाही, नुसते आकडे जातात. एक बटण दाबलं की तीन निरोप निघतात: डिलेला ‘अमुक नंबरचा प्रीसेट उघड’, लूप स्विचरला ‘तमुक पेडल आत घे’ आणि रिव्हर्बला ‘मिक्स एवढा ठेव’. पहिले दोन निरोप दोन-दोन बाइटचे, तिसरा तीनचा. मिडीच्या तारेतून सेकंदाला 31,250 बिट जातात आणि प्रत्येक बाइटला मागचा-पुढचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सगळा कारभार सव्वादोन मिलिसेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात स्पीकरचा आवाज हवेतून जेमतेम पाऊण मीटर गेलेला असतो. लूप स्विचरमधल्या रिलेचा ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो फक्त मलाच ऐकू येतो. लूप स्विचर लागतो याचं कारण ओव्हरड्राइव्ह आणि वाह ही पेडलं जुन्या वळणाची आहेत, त्यांना मिडी कळत नाही. त्यांना लूपमध्ये बसवायचं आणि आत-बाहेर करायचं काम स्विचरकडे द्यायचं.

गंमत अशी, की ही दोन्ही घराणी मुळात एकाच माणसाच्या अंगणातली. इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीच्या ‘बॉस’ शाखेनं 1977मध्ये छोटी पेडलं बाजारात आणली. याच काकेहाशींनी अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथ यांच्यासोबत मिडीचा पाठपुरावा केला. जानेवारी 1983मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनं जोडून लोकांसमोर वाजवले गेले. आपल्या स्टेजवर मात्र मिडी आला तो पॅडवाल्याच्या काखेतून. 1985 साली निघालेल्या रोलँडच्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी मारली की तो मिडीनं दुसऱ्या यंत्राला निरोप द्यायचा, आणि वाजायचं ते यंत्र. आज गणपती मंडळाच्या बेंजो पार्टीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत पॅड सगळीकडे आहे. त्याच्या मागच्या बाजूचं पाच भोकांचं गोल सॉकेट मात्र बहुतेकांनी कधी वापरलेलं नसतं.

त्या पाच पिनांपैकी कामाच्या तीनच. चार आणि पाच नंबरमधून निरोप जातो, दोन नंबरला वरची जाळी जोडतात. मी केबल स्वतः सोल्डर करतो. खर्च वाचतो हे आहेच, शिवाय स्टेजखाली माती आणि दव यांत केबल कुठे तुटते हे करणाऱ्यालाच ठाऊक असतं. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर अर्थिंगचा भरवसा नसतो. गिटारची एखादी तार चुकीच्या जागी लागली की स्पीकरमधून ‘हूं’ असा घुमारा सुरू होतो. मिडीच्या केबलमधून हा घुमारा शिरत नाही. घेणाऱ्या यंत्रात सॉकेटमागे एक ऑप्टो-आयसोलेटर असतो. त्याच्या पोटात एक बारीक एलईडी लुकलुकतो, समोरचा प्रकाशसंवेदी भाग ते ओळखतो आणि दोन यंत्रांच्या विजेचा एकमेकींना स्पर्श होत नाही. जाळीही घेणाऱ्या टोकाला अर्थला जोडलेली नसते. मांडवातल्या वीजजोडणीची आमच्याकडची तऱ्हा पाहता हे डोकं लढवणाऱ्याला यात्रेत मानाचा नारळ द्यायला हरकत नाही.

प्रीसेटचे नंबर लावताना मात्र डोकं ठिकाणावर लागतं. तारेतून जाणारे आकडे 0 ते 127. काही पेडलं शून्यापासून मोजतात, काही एकपासून. कंट्रोलरवर 12 पाठवलं तर एक पेडल 12 उघडतं, शेजारचं 13. म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक पेडलासाठी वेगळा रकाना आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर घोडीवर जवारी काढत बसलेला दिसला की हे एकशे अठ्ठावीस टप्पे मला जरा कंजूष वाटतात. तो कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. त्याच्या कानात टप्पे नाहीत. माझ्याकडे फिल्टर एक्स्प्रेशन पेडलनं हळू उघडला तर काही यंत्रांत पायऱ्या चढल्यासारखा खरखरीत आवाज येतो.

सुरुवातीला प्रत्येक गाण्याला मी एक प्रीसेट ठेवला होता. क्रम ठरलेल्या कार्यक्रमाला तो उत्तम. फर्माईश आली की शोधाशोध. हल्ली प्रीसेट गाण्यांच्या नावानं नाहीत, चालीच्या जातीनं आहेत: कोळी, लावणी, भक्ती, वाह, रॉक आणि एक ‘गप्प’. गप्पमध्ये सगळं बंद. भाषण सुरू झालं की तो दाबायचा.

एक गोष्ट मी आकड्यांच्या हवाली केलेली नाही, ती म्हणजे लय. मिडीत क्लॉक नावाची सोय आहे. एका मात्रेला चोवीस ठोके तारेतून जात राहतात आणि डिले त्यांच्याशी जुळवून घेतो. कीबोर्डवाल्यानं स्टाइल लावलेली असेल तेव्हा हे झकास चालतं. लावणीत ढोलकी हातानं वाजते आणि ढोलकी चढते. 110च्या लयीत एक मात्रा 545 मिलिसेकंदांची, 132ला पोचली की 455ची. डिले जुन्याच लयीवर राहिला तर प्रत्येक पडसाद 90 मिलिसेकंद उशिरा पडतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गिटारवाला मागे पडलाय. मी एकदा आमच्या ढोलकीवाल्या दादांना सुचवलं, कानात क्लिक घेऊन वाजवूया का?

“आरं, बाई नाचालीय हितं,” ते म्हणाले. “ती पाय उचलंल तवा थाप पडाय पाहिजे. तुझं यंत्र तिचं पाय बघतंय का?”

म्हणून एक बटण टॅप टेम्पोचं. लावणी सुरू झाली की कीबोर्डकडून येणारं क्लॉक बंद करायचं काम लावणीचा प्रीसेटच करतो. लय चढली की मी दादांच्या डाव्या हाताकडे बघत ते बटण तीन-चारदा दाबतो. खालच्या धुम्यावर पडणारा तो हात लय लपवत नाही. टॅपचा निरोपही मिडीतूनच जातो, पण आकडा माझ्या पायाचा असतो, आणि पाय दादांच्या हाताचा. सवाल-जवाब फार तापला तर डिलेच काढून टाकतो. तेव्हा कुणाचं लक्ष गिटारकडे नसतंच.