खेळाची पाने रचताना

गेल्या पावसाळ्यात निर्गुडा नदी दुथडी भरून वाहू लागली आणि शाळेचे क्रीडांगण चिखलाने भरून गेले, तेव्हा मधल्या सुटीत मुलांनी व्हरांड्याचा आश्रय घेतला. तेथे त्यांनी एक नवाच उद्योग आरंभिला. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून पाने करावयाची, प्रत्येक पानावर एखादा वीर, पशू किंवा राक्षस काढावयाचा, त्याखाली त्याचे बल व त्याची विशेष शक्ती लिहावयाची, आणि मग दोघांनी समोरासमोर बसून ती पाने एकमेकांशी झुंजवावयाची. विलायती व जपानी पत्त्यांचे असे खेळ आता घरोघरी ठाऊक झाले आहेत. परंतु आमच्या मुलांनी ते विकत न घेता स्वतः रचिले, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

आठवडा लोटला नाही तोच खेळ मोडला. सातवीतील एका विद्यार्थ्याने वाघाचे पान काढिले. चित्र खरोखरच सुरेख होते. खाली लिहिले होते, ‘बल १००. समोरचे पान खातो. वाघास कोणी मारू शकत नाही.’ पहिल्या दिवशी त्याने सर्वांस जिंकिले. दुसऱ्या दिवशी कोणी बल २०० चा सिंह आणिला, कोणी बल १००० चा गरुड, आणि एकाने तर प्रत्यक्ष प्रलयाग्नीच पुठ्ठ्यावर उतरविला. तिसऱ्या दिवशी ‘खातो’ ह्या एका शब्दावरून भांडण जुंपले. वाघ समोरचे एकच पान खातो, की मांडलेली सारी पाने खातो? प्रकरण हातघाईवर आले, एक लहान मुलगा रडत घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी येऊन हे पत्ते शाळेतून बंद करावे अशी विनंती केली. पाने आम्ही जप्त केली खरी. पण मेजाच्या खणात पडलेली ती पाने फावल्या वेळी चाळीत असता आमच्या ध्यानात आले, की दोष मुलांच्या स्वभावात नसून पानांच्या रचनेत आहे. रचना सुधारता येते. ती कशी, हेच आज सांगावयाचे आहे.

पत्त्यांवर आपल्या कल्पनेतील सृष्टी उतरविण्याची हौस आपल्या देशात नवी नाही. बाबराने इ. स. १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाची पाने धाडल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याचा नातू अकबर तर ह्या खेळाचा मोठा शोकी. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या व एकंदर १४४ पानांच्या गंजिफाचे वर्णन केले आहे. त्यात अश्वपती, गजपती, नौकांचा स्वामी, सर्पांचा स्वामी असे एकेका रंगाचे एकेक अधिपती आहेत. वनपतीच्या रंगात राजा म्हणून वाघ, वजीर म्हणून बिबळ्या, आणि खालच्या दहा पानांवर इतर वन्य पशू! आमच्या सातवीतील चित्रकारास आपल्या वाघाचे कुळ किती थोर आहे हे कळले असते, तर त्याची छाती खचितच फुगली असती. अकबर तेवढ्यावर थांबला नाही. चालत आलेल्या पानांत त्याने स्वतः फेरफार केले. धनाच्या रंगात राजा द्रव्य वाटतो, वजीर खजिना तपासतो, आणि खालच्या पानांवर जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, तोलणारा, नाणी पाडणारा असे खजिन्यातील कामकरी दाखविले आहेत. पान रचणाऱ्याने आपल्या भोवतालचे जग कसे पाहावे, ह्याचा हा उत्तम नमुना होय.

आता आपल्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीस जाऊ. तेथील दशावतारी गंजिफा सर्वत्र विख्यात आहे. पाने वाटोळी; रंग दहा, प्रत्येक अवताराचा एक. मत्स्याच्या रंगावर मासा, कूर्माच्या रंगावर कासव, परशुरामाच्या रंगावर परशू, अशी चिन्हे. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतची दहा पाने, मिळून बारा. म्हणजे साऱ्या जोडात १२० पाने. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्यास ४० येतात. चिताऱ्यांनी चिंचोक्याची खळ लावून पाने घोटावी, हाताने रंगवावी व वर लाखेचा लेप द्यावा, अशी ही कला. छापील पत्ते स्वस्त झाले तशी ती विझू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून ती विद्या पुन्हा उजळवून घेतली, म्हणून आज त्या राजवाड्यात ही पाने रंगविताना पाहावयास मिळतात.

परंतु चित्रांहूनही आम्हांस त्या खेळातील एक नियम अधिक मोलाचा वाटतो. अर्ध्या रंगांत राजा व प्रधान ह्यांच्या खालोखाल दहाचे पान मोठे आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत हे सारे उलटे, तेथे प्रधानाच्या खालोखाल एक्का आणि दहा सर्वांत लहान. म्हणजे दहाचे पान हाती आले म्हणून उड्या मारावयास नकोत, अन् एक्का आला म्हणून खिन्न व्हावयास नको. ते कोणत्या घरी बसले आहे ते आधी पाहावयाचे. शिवाय दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने डाव उघडावयाचा, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने. सूर्य मावळला की मानाचे पान बदलते! विशेष शक्ती असावी तर अशी. ती थोडक्यात सांगता येते, तिच्याविषयी वाद संभवत नाही, आणि ती त्या त्या देवतेच्या स्वरूपास शोभते. राम सूर्यवंशातला, कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा.

आमच्या वाघाची खोड हीच, की त्यास कोठलेही घर परके नव्हते. तो सकाळी थोर, संध्याकाळी थोर, कोणाही समोर थोर. अशा पानाशी खेळावयाचे म्हणजे समोरच्याने आपली पाने खाली ठेवून उठून जावयाचे. आणि मुले तशीच उठून गेली.

ही चूक मोठमोठ्यांच्या हातूनही झाली आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा जो ह्या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष, तो रिचर्ड गारफील्ड नामक अमेरिकन गणितज्ञाने रचिला व तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पान मांडण्यास ठराविक मोल द्यावे लागते. पहिल्याच संचात गारफील्डने पाच पाने एका साच्यातून काढिली. मोल एक, आणि लाभ तीन. एकाने प्रतिपक्षावर तीनाचा आघात होतो, एकाने स्वतःस तीन प्राण मिळतात, एकाने आपल्या योद्ध्याचे बल त्या पाळीपुरते तीनाने वाढते, एकाने खर्चावयास तीन मोल मिळते, आणि एकाने जोडातून तीन पाने उचलता येतात. कागदावर पाहता पाचही सारखी. प्रत्यक्षात तीन पाने उचलण्याचे पान इतके प्रबळ ठरले, की अधिकृत स्पर्धांतून ते बहुतेक बाहेर गेले. जेथे राहिले तेथे जोडात एकच ठेवण्याची परवानगी आहे. उलट, तीन प्राण देणाऱ्या पानाकडे चांगले खेळाडू ढुंकून पाहीनात. कारण उघड आहे. प्रारंभी वीस प्राण असता आणखी तीन मिळाले तर पराभव थोडा लांबतो, इतकेच. पण हाती तीन नवी पाने आली म्हणजे तीन नवे मार्ग उघडतात, आणि त्यांत आघातही असू शकतो, प्राणही असू शकतात. म्हणून पानावरील आकडा हे त्याचे खरे वजन नव्हे. गणित जाणणारा मनुष्य जेथे चुकला, तेथे सातवीच्या मुलास दोष देणे बरे नव्हे.

मग वजन ठरवावे कसे? आमची पद्धत साधी आहे. पहिल्या पाळीस खेळाडूस एक शिदोरी मिळते, दुसरीस दोन, तिसरीस तीन; पान मांडावयाचे तर शिदोरी खर्चावी लागते. एका शिदोरीस बल दोन, हा भाव ठरवावा. पानास विशेष शक्ती द्यावयाची असेल तर बल कमी करावे. शक्ती लहान असेल तर एकाने, मोठी असेल तर तीनाने. उलट पानास काही वैगुण्य दिले, तर बल वाढवून मिळावे. वैगुण्य देण्याची मुलांस लाज वाटते, असे आम्ही पाहिले. वस्तुतः पानाचे व्यक्तित्व तेथेच असते.

शाळेत शिकलेल्याच गोष्टीचे उदाहरण घेऊ. गल्याथाचे पान करा. बल ९, शक्ती काही नाही. आता दावीद, बल १, आणि शक्ती अशी, ‘समोरील पानाचे बल ७ किंवा अधिक असेल तर ते पान पडते.’ गोफण निराळी काढून दाखवावयास नको, ती ह्या वाक्यातच आहे. तिसरे पान कोल्ह्याचे, बल २. गल्याथ कोल्ह्यास भारी, दावीद गल्याथास भारी, आणि कोल्हा दावीदास भारी. तिघांत थोर कोण, ह्याचे उत्तर कोणासच देता येत नाही, म्हणून खेळ चालू राहतो. येथे पवित्र शास्त्र लक्षपूर्वक वाचणारा एखादा विद्यार्थी म्हणेल, की दावीदाने मेंढरे राखीत असता सिंह व अस्वल मारिले होते; मग तो कोल्ह्यापुढे कसा हरावा? शंका रास्त आहे. सिंह व अस्वल ह्यांचे बल ७ ठेवावे म्हणजे भागेल. दावीदाने कोल्हा मारिल्याचे शास्त्रात काही सांगितलेले नाही.

शक्तीचे वाक्य लिहिताना वकिलाची बुद्धी हवी. ती केव्हा लागू होते, कोणावर, किती वेळ, आणि त्यानंतर काय, ह्यांपैकी एकही गोष्ट अध्याहृत ठेवू नये. ‘समोरचे पान खातो’ ह्या तीन शब्दांनी एक मैत्री तुटता तुटता राहिली, हे आम्ही वर सांगितलेच आहे. वाक्य लिहून झाले की ते अशा मुलाच्या हाती द्यावे ज्यास ह्या खेळाचा गंध नाही. त्याने वाचून जसे केले, तसेच ते लिहिले गेले आहे, असे समजावे. आपल्या मनात काय होते ते त्यास सांगत बसू नये.

चित्रांचे विषय दूरदेशीच्या अजगरांतून शोधण्याचे कारण नाही. वणीच्या भोवती भूमीखाली कोळसा आहे, आणि पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या अरण्यांचे ते अवशेष आहेत. एवढी अद्भुत वस्तू कोणत्या परीकथेत आहे? एका विद्यार्थिनीने त्याचे पान असे केले, ‘खाणीतील अग्नी. मांडल्यावर तीन पाळ्या निश्चल. चौथ्या पाळीस बल १०, आणि त्या पाळीअखेर विझतो.’ आम्हांस हे पान फार आवडले. कोळसा जसा असतो तसेच ते आहे. दुसऱ्याने कापसाचे बोंड केले. बल शून्य, परंतु ते टाकून दिले असता दोन शिदोऱ्या मिळतात. शेतकऱ्याच्या मुलासच हे सुचावे! मात्र त्याच्या जोडात अग्नीचे पान आले की सारा कापूस जळून जातो, असा नियमही त्यानेच लिहिला, आणि तो लिहिताना तो हसत नव्हता.

पालकवर्गासाठी दोन शब्द. पत्ते म्हटले की कपाळास आठी पडते, ती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही; पैसा लावून खेळणे हा जुगार, मग पाने चौकोनी असोत की वाटोळी. बाजारात मिळणाऱ्या पाकिटांविषयीही आमचे मन साशंक आहे. पाकीट बंद असते, आत कोणते पान निघेल ते ठाऊक नसते, आणि एका दुर्मिळ पानाच्या आशेने मूल दहा पाकिटे मागते. ह्यात सोडतीचाच वास येतो. घरी रचलेल्या पानांस मात्र पुठ्ठा, कात्री आणि रंगपेटी एवढाच खर्च. शिवाय, नेमके वाक्य लिहिण्याचा सराव ह्याहून गोड रीतीने कोणत्या व्याकरणाच्या तासास होईल?

नवे पान सिद्ध झाले की ते पारखावे. त्या पानासह दहा डाव खेळावे आणि प्रत्येक डावाचा निकाल वहीत मांडावा. पाच डाव झाले की जोडांची अदलाबदल करावी. पान रचणाऱ्याने ते समोरच्यास द्यावे व स्वतः त्याविरुद्ध खेळावे. हे फार जड जाते. ज्यास आपल्या पानाचा अभिमान आहे त्यास ते आपल्यावर चालून आलेले पाहणे मुळीच रुचत नाही. पण त्याखेरीज पानाचा जाच कळत नाही. दहापैकी आठ डाव ज्या पानाच्या बाजूस गेले त्याची शिदोरी वाढवावी. आणि जिंकणाऱ्यास न विचारता हरणाऱ्यास विचारावे, की डाव कोणत्या क्षणी हातचा गेला असे तुला वाटले. पान मांडताक्षणीच, असे उत्तर आले तर ते पान अजून कच्चे आहे.

दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्ही खणातील पाने परत दिली. वाघाचे पान त्याच्या कर्त्याने तिसऱ्यांदा लिहून आणिले आहे. ‘वाघ. शिदोरी ४. बल ८. आपल्या पाळीस समोरचे कोणतेही एक पान पाडतो; त्यानंतरच्या पाळीस झोपतो, आणि झोपेत असता त्याचे बल १ धरावे.’ झोपलेल्या वाघास ज्याने प्रथम पाडिले तो, पूर्वी रडत घरी गेलेला तोच लहान मुलगा होता, आणि त्याने ते कोल्ह्याच्या पानाने केले. वाघाचा कर्ता क्षणभर गप्प राहिला. मग त्याने कोल्ह्याचे पान हाती घेऊन उलटसुलट पाहिले आणि हे कोणी काढिले, असे विचारिले.