ओसाड करमणूक उद्यानाचे जतन आणि लोकसहभाग : ग्लेन एको पार्कचा अभ्यास

प्रस्तावना :

वारसा जतनाचा विचार करताना किल्ले, लेणी, मंदिरे व राजवाडे यांचीच प्रामुख्याने चर्चा होते. सर्वसामान्य माणसांनी सुट्टीचे दिवस जेथे घालविले, ती करमणुकीची ठिकाणे या चर्चेत क्वचितच येतात. अशी ठिकाणे बहुधा खाजगी मालकीची असतात. व्यवसाय तोट्यात गेला की पाळणे विकले जातात आणि जमिनीवर इमारती उभ्या राहतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन शहरानजीक पोटोमॅक नदीच्या काठी असलेले ग्लेन एको पार्क यास अपवाद ठरले. बंद पडलेले हे उद्यान लोकप्रयत्नांतून कसे वाचले आणि नेमके काय वाचविले गेले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

या जागेचा प्रारंभ करमणुकीतून नव्हे, तर शिक्षणातून झाला. १८९१ मध्ये येथे शटॉक्वा चळवळीचे केंद्र स्थापन झाले. प्रौढांसाठी व्याख्याने, संगीत व ज्ञानप्रसार हे या चळवळीचे कार्य होते. हे केंद्र फार काळ टिकले नाही आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे करमणूक उद्यान आकारास आले. १९११ मध्ये ते ट्राम कंपनीच्या ताब्यात गेले. शहरवासीयांनी सुट्टीच्या दिवशी ट्रामने उद्यानात यावे, हे त्यामागील व्यापारी गणित होते. १९२१ मध्ये डेंट्झेल कंपनीने घडविलेले कॅरोसेल, म्हणजेच मेरी-गो-राउंड, येथे बसविण्यात आले. त्यावर घोड्यांबरोबरच ससे, शहामृग, सिंह, वाघ, जिराफ यांच्या लाकडी प्रतिमा आहेत. १९३१ मध्ये क्रिस्टल पूल हा जलतरण तलाव आणि १९३३ मध्ये स्पॅनिश बॉलरूम हे नृत्यगृह यांची भर पडली.

मात्र हा आनंद सर्वांसाठी नव्हता. कृष्णवर्णीयांना उद्यानात प्रवेश नाकारला जात असे.

प्रवेशासाठीचा लढा :

३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या नॉनव्हायोलंट ॲक्शन ग्रुपने उद्यानात सत्याग्रह केला. काही कृष्णवर्णीय तरुण कॅरोसेलवरील लाकडी प्राण्यांवर जाऊन बसले. उतरण्यास नकार दिल्यामुळे पाच जणांना अटक झाली. त्यानंतर उन्हाळाभर प्रवेशद्वाराबाहेर निदर्शने सुरू राहिली. शेजारच्या बॅनॉकबर्न वसाहतीतील श्वेतवर्णीय रहिवासी, त्यांत अनेक ज्यू कुटुंबे, या निदर्शनांत विद्यार्थ्यांच्या बरोबरीने उभे राहिले. १९६१ च्या हंगामापासून उद्यान सर्वांना खुले झाले.

अटकेचे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अटक करणारा सुरक्षारक्षक उद्यानाच्या सेवेत होता. परंतु त्याच्याकडे डेप्युटी शेरीफचे शासकीय अधिकारही होते. त्यामुळे ही कृती केवळ खाजगी मालकाची न राहता राज्याची ठरते, असे मानून न्यायालयाने १९६४ मध्ये ‘ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड’ या खटल्यात आरोपींची शिक्षा रद्द केली.

जतनाचे प्रयत्न :

१९६६ मध्ये उद्यान परिसरात उसळलेल्या अशांततेनंतर व्यवसायास उतरती कळा लागली आणि १९६८ च्या हंगामानंतर उद्यान कायमचे बंद झाले. रोलर कोस्टरसह बहुतेक साधने हलविण्यात आली. कॅरोसेलचीही विक्री ठरली. या वेळी स्थानिक रहिवाशांनी ग्लेन एको नगर परिषदेच्या सदस्या नॅन्सी लाँग यांच्या पुढाकाराने निधी संकलन सुरू केले आणि अल्प मुदतीत सुमारे ८०,००० डॉलर उभे करून कॅरोसेल मूळ जागीच राखले. संपूर्ण उद्यान विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु एका निश्चित वस्तूसाठी, निश्चित रकमेचे आवाहन लोकांना आपलेसे वाटले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

जमिनीचा प्रश्न मात्र वर्गणीने सुटणारा नव्हता. नदीकाठी उंच इमारती होऊ नयेत, या हेतूने संघराज्य शासनाने अन्यत्र असलेल्या शासकीय मालमत्तेच्या बदल्यात ही जागा मिळविली आणि १९७१ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस येथे दाखल झाली. रिकाम्या वास्तूंत कलावंतांच्या कार्यशाळा व नृत्यवर्ग सुरू झाले. शिक्षणासाठी स्थापन झालेली जागा अशा रीतीने पुन्हा शिक्षणाकडे वळली.

वास्तू वापरात आल्या तरी त्यांची झीज थांबली नाही. कॅरोसेलच्या प्रतिमांवरील रंगांचे थर उतरवून मूळ रंगकाम उजेडात आणण्याचे काम १९८३ मध्ये सुरू झाले व ते २००३ मध्ये पूर्ण झाले. २००२ मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी मॉन्टगोमेरी काउंटीच्या पुढाकाराने एक ना-नफा संस्था स्थापन झाली. जमिनीची मालकी संघराज्य शासनाकडेच राहिली. लोकांनी प्रारंभ करावा, शासनाने जमीन राखावी आणि दैनंदिन कारभार स्थानिक संस्थेने पाहावा, अशी ही विभागणी होय.

निष्कर्ष :

बालपणीच्या गोड आठवणी हा जतनाचा एकमेव आधार मानला, तर ग्लेन एकोचा अर्धाच इतिहास हाती लागतो. ज्यांना १९६१ पूर्वी प्रवेशच नव्हता, त्यांच्या बालपणात या उद्यानाची आठवण आहे ती बंद दाराची. एका पिढीसाठी सुट्टीतील खेळणे असलेले कॅरोसेल दुसऱ्या पिढीसाठी सत्याग्रहाचे स्थळ ठरले. १९७० मध्ये ते विकले जाऊन अन्यत्र गेले असते, तर एक सुंदर कलावस्तू कदाचित टिकली असती. पण ती घटना जेथे घडली, त्या जागेशी असलेला तिचा संबंध तुटला असता. २०२४ मध्ये या लढ्यावर माहितीपट तयार झाला, तेव्हा त्यातील मुख्य साक्षीदार मूळ स्थळी उभा होता.

म्हणूनच कोणत्याही सार्वजनिक जागेच्या जतनाचा प्रस्ताव तपासताना, ‘येथे कोण येत असे?’ या प्रश्नाबरोबरच ‘येथे कोणास येऊ दिले जात नसे?’ हाही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. इतिहास, समाजशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना स्थानिक इतिहासाचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडे सोपविताना हा दुहेरी प्रश्न उपयुक्त ठरेल.