दहा बाय बाराच्या खोलीतली झोळी

मीरा-भाईंदरच्या बहुतेक घरांत एक खोली दोन पाळ्यांत काम करते. दिवसा ती हॉल असते आणि रात्री साडेदहानंतर शयनगृह होते. नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली, आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. गिरगाव-लालबागच्या चाळींतून, कोकणातून, गुजरात-राजस्थान-उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांनी मालकीचे घर मिळावे म्हणून रोजचा लोकलचा प्रवास पत्करला, आणि बऱ्याच जणांच्या पदरात वन रूम किचन किंवा लहानसा वन बीएचके पडला. दहा बाय बाराची खोली म्हणजे एकशे वीस चौरस फूट. सहा बाय चारचा साधा पलंग त्यातले चोवीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा, चोवीस तास अडवून ठेवतो, आणि त्यातले सोळा तास तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. आपल्याकडे पूर्वी यावर सोपा उपाय होता. सकाळी अंथरूण गोळा करायचे, वळकटी बांधायची आणि कोनाड्यात किंवा माळ्यावर टाकायची. पलंग, दिवाण आणि सोफा-कम-बेड आले तसा हा शहाणपणा मागे पडला. मोठ्या माणसाने रोज रात्री झोपायची झोळी हा त्याच शहाणपणाचा पुढचा टप्पा आहे, आणि इथल्या लहान घरांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा, असे माझे म्हणणे आहे. मात्र झोळी कुठे टांगायची हे इमारतीच्या सांगाड्याला विचारून ठरवावे लागते. कापड, रंग, किंमत या गोष्टी त्यानंतरच्या.

झोळीत मोठ्या माणसाने झोपायचे म्हटले की आपल्याला ते सुट्टीतले खूळ वाटते, कारण आपण ती पाहतो ती रिसॉर्टच्या नारळीखाली. दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावून ताणलेली ती जाळी दिसायला सपाट असली तरी वजन जरा इकडचे तिकडे झाले की उलटते. रात्रभर झोपायची झोळी वेगळी असते. तिला दांडी नसते, टोकांना कापड चुणून एकत्र बांधलेले असते आणि मध्ये खोल पोट असते. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांचा हा रोजचा बिछाना होता. कोलंबसाच्या माणसांनी १४९२मध्ये कॅरिबियन बेटांवर तो पाहिला, शंभरएक वर्षांनी इंग्रजांच्या आरमाराने तो जहाजांवर घेतला, आणि पुढे तिथे एकेका खलाशाच्या झोळीला जेमतेम चौदा इंचांची रुंदी मिळत असे. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात आजही कित्येक घरांत पलंगाऐवजी झोळ्याच असतात, आणि त्या टांगायचे हूक घर बांधतानाच भिंतीत बसवतात. आपल्याकडे झोळी परकी मुळीच नाही. ऊसतोडीच्या फडावर लुगड्याच्या झोळीत लेकरू झोपवतात, घरोघरी पाळण्याआधी झोळीच असते. फक्त मूल मोठे झाले की झोळी सुटते.

युकातानमधली माणसे झोळीत पाय एका टोकाला आणि डोके दुसऱ्या टोकाला करून केळ्यासारखी वाकून झोपत नाहीत. ती तिरकी झोपतात. डोके मधल्या रेषेच्या एका अंगाला, पाय दुसऱ्या अंगाला. असे झोपले की कापड पाठीखाली पसरते आणि अंग जवळजवळ सपाट होते. त्यासाठी कापड भरपूर लागते, दहा-अकरा फूट लांब आणि निदान पाच फूट रुंद. जाड मांजरपाट किंवा कॅनव्हास चालतो. जुनी साडी बाळाचे वजन पेलते, सत्तर किलोच्या माणसाखाली ती विरलेल्या जागी फाटते. झोळी बांधताना ती ताठ ओढायचा मोह होतो, कारण ताणलेले कापड सपाट दिसते. प्रत्यक्षात ताणलेल्या झोळीचे काठ खांद्यांना आवळतात आणि रात्रभर अंग चेपते. ढील हवी. दोरी आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांनी उतरावी. कोनमापक नसला तरी हे मोजता येते. दोन फूट दोरीमागे एक फूट उतार पडला की तीस अंश झाले. बारा फुटांच्या अंतराला हूक सुमारे पाच फुटांवर येतात, कोपऱ्यातून कोपऱ्यात पंधरा-साडेपंधरा फूट भरले तर सहा फुटांवर, आणि माणूस आत बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीइतका, दीड फूट उंच राहतो.

या तीस अंशांचा संबंध आरामापेक्षा भिंतीशी जास्त आहे. झोपाळा आपल्या परिचयाचा आहे. भाईंदर, नवघर, राई-मुर्ध्याच्या जुन्या कौलारू घरांत तुळईला कड्या लावून झोपाळे टांगलेले असत, आणि त्या कड्या भार सरळ खाली ओढत. झोळीचे तसे नाही. तिची दोरी तिरकी असल्याने ती हुकाला खाली ओढतेच, शिवाय खोलीच्या आतही ओढते. पंचाहत्तर किलोचा माणूस तीस अंशांच्या झोळीत निजला तर प्रत्येक दोरीवर पंचाहत्तर किलोचाच ताण येतो आणि त्यातला सुमारे पासष्ट किलोचा ओढा आडवा असतो. दोरी पंधरा अंशांवर आली की ताण एकशे पंचेचाळीस किलो होतो, दहा अंशांवर दोनशे पंधराच्या पुढे जातो आणि पाच अंशांवर सव्वाचारशेच्याही वर. माणूस तोच, वजन तेच, फक्त झोळी ताठ बांधली म्हणून हुकावरचा भार जवळजवळ सहापट. त्यात कोणी धपकन बसले तर त्या क्षणापुरता हा भार दुप्पटही होऊ शकतो. म्हणून हूक, बोल्ट, दोरी, कडी या साखळीतली प्रत्येक वस्तू माणसाच्या वजनाच्या निदान पाचपट भाराला सोसणारी असावी, आणि तो आकडा त्या वस्तूवर किंवा तिच्या वेष्टनावर छापलेला असावा. पडदे टांगायचा हूक इथे कामाचा नाही. पंख्याचा हूकही नाही, कारण तो चार-पाच किलोंच्या पंख्यासाठी बसवलेला असतो.

आता हा आडवा ओढा घ्यायचा कोणी? मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही. इथल्या बहुसंख्य इमारती आरसीसी सांगाड्याच्या आहेत. भार कॉलम, बीम आणि स्लॅब पेलतात, मधल्या भिंती नुसत्या खोल्या वेगळ्या करतात. जुन्या इमारतींत या भिंती साडेचार इंची विटांच्या असतात, नव्यांत हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या. दोन्हींत बोल्ट सहज बसतो, पहिल्या रात्री घट्टही वाटतो. पण रोज रात्री पासष्ट किलोचा ओढा आणि वर झोके, यांनी विटेभोवतीचा मसाला हळूहळू सुटतो. सिपोरेक्स तर मुळातच भुसभुशीत, त्यातून बोल्ट ठोकळ्याच्या चुऱ्यासकट निघून येतो. म्हणून हूक कॉलममध्ये किंवा बीममध्येच हवा. जुन्या फ्लॅटमध्ये कॉलम कोपऱ्यात नऊ इंच पुढे आलेले असतात. एरवी कपाट बसत नाही म्हणून आपण त्यांच्या नावाने बोटे मोडतो, झोळीला मात्र तेच आधार देतात. तिथेही काम आंधळेपणाने करता येत नाही. कॉलममधल्या सळ्यांवर साधारण चाळीस मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असते. बोल्ट त्याच्या पलीकडे, सळ्यांच्या मधल्या काँक्रीटमध्ये रुतायला हवा आणि ड्रिलने सळी कापता कामा नये. सळी शोधायचे यंत्र असलेल्या माणसाकडूनच भोक पाडून घ्यावे. गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरांत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. त्या झोळीला फार चांगल्या, पण त्यांच्या पोटात विजेच्या नळ्या असतात हे विसरू नये.

खरी अडचण तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतींची आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. या हवेतला खार पावसाच्या ओलीबरोबर काँक्रीटमध्ये मुरतो आणि सळ्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या फुगवट्याने काँक्रीटला उभ्या भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. कॉलमवर बोटांच्या पेरांनी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, रंगातून तांबूस डाग वर आले किंवा कडेने केसासारखी उभी चीर दिसली, तर त्या कॉलमला भोक पाडायचे नाही. नवे भोक म्हणजे ओलीला आत जायला आणखी एक वाट. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. तो अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असतो, आणि सभासदाने तो मागून वाचावा. झोळीच्या निमित्ताने का होईना, आपल्या डोक्यावरच्या बीमची अवस्था कळलेली बरी.

ज्यांना हे सगळे ऐकून झोळीचा नाद सोडावासा वाटेल त्यांच्यासाठी एक मार्ग आहे, आणि मला तो सर्वांत पटतो. आडवा ओढा इमारतीवर टाकायचाच नाही. दोन दोऱ्यांच्या वरच्या टोकांमध्ये लोखंडी पाइप किंवा चांगला भरीव बांबू आडवा घालायचा. झोळी त्याला दोन्हीकडून आत दाबते, दांडा तो दाब स्वतः सोसतो, आणि दांड्याच्या टोकांतून वर बीमकडे जाणाऱ्या दोऱ्या अगदी सरळ उभ्या राहतात. मग पंचाहत्तर किलोच्या माणसामागे एकेका हुकावर साडेसदतीस किलो येतात, तेही सरळ खाली, झोपाळ्यासारखे. बीम मात्र सुस्थितीतलाच हवा. त्याचीही खात्री नसेल तर जमिनीवर उभे राहणारे लोखंडी स्टँड घ्यावे. कोणताही बरा फॅब्रिकेटर ते घडीचे करून देईल. त्याने टांगत्या झोळीइतकी जागा वाचत नाही, पण दिवसा ते मिटते आणि भिंतीला हात लागत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना बहुधा हाच पर्याय मोकळा असतो, कारण घरमालकाच्या कॉलमला भोक पाडायचा अधिकार त्यांना नाही.

पाठीचे काय, हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि तो रास्त आहे. कंबर दुखली की फळीवर झोपा असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पण स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. यावरून झोळी पाठीला चांगली हे सिद्ध होत नाही. कडक तेवढे चांगले हा समज मात्र टिकत नाही. झोक्याबद्दलही असेच जपून बोलावे लागते. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये बारा पुरुषांना हलत्या पलंगावर पाऊण तास झोपवले. चार सेकंदांना एक असा संथ झोका होता, आणि स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली. २०१९च्या पुढच्या प्रयोगात अठरा जणांना रात्रभर झुलवले तेव्हा गाढ झोप वाढली आणि मध्येच जाग येणे कमी झाले. झोळीचे विक्रेते हे प्रयोग आपल्या बाजूने सांगतात. पण तो पलंग यंत्राने रात्रभर हलत होता. झोळी आपण आत शिरल्यावर काही मिनिटे झुलते आणि थांबते. तेव्हा झोप लागताना थोडी मदत होईल, एवढेच पदरात घ्यावे. गुडघे उलटे ताणल्यासारखे वाटले तर त्यांखाली लहान उशी घ्यावी. पालथे झोपण्याची सवय असलेल्यांना झोळी जमत नाही, आणि त्यांनी हट्ट धरू नये.

इथल्या हवेचा विचार केला तर झोळीचे पारडे ऑक्टोबरात आणि मे महिन्यात जड होते. गादी अंगाची उष्णता धरून ठेवते, झोळीला खालूनही वारा लागतो. हाच वारा जानेवारीच्या पहाटे पाठीला गार लागतो, आणि वरून दोन पांघरुणे घेऊन तो थांबत नाही. त्यावर उपाय घरातच आहे. झोळीत खाली गोधडी अंथरायची. गोधडीमुळे डासांचाही बंदोबस्त होतो, कारण एकेरी पातळ कापडातून डास खालूनही चावतात. मच्छरदाणी लावायची तर ती झोळीला खालपर्यंत वेढणारी हवी. पावसाळ्यात सुती कापड दमट होते, कुबट वास मारते. दोन झोळ्या शिवून घ्याव्यात आणि आलटून पालटून धुवाव्यात. हूक आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, कारण साधे लोखंड खारट हवेत लवकर गंज धरते. दोरीला दर महिन्याला, ती जिथे कडीवर घासते त्या जागी, नीट पाहावे. दोरीच्या गाठी शिकायच्या तर उत्तन-पाली-चौकच्या कोळीवाड्यांत जाळी विणणाऱ्या माणसांपेक्षा चांगले गुरू शहरात नाहीत.

काही जणांसाठी मात्र झोळी नकोच, आणि इथे मी कोणतीही सूट देणार नाही. तान्ह्या बाळाला रात्री झोळीत निजवू नये. वाकलेल्या मानेमुळे त्याचा श्वास कोंडू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ सपाट आणि घट्ट पृष्ठभाग सांगतात. मोठ्या मुलांना टांगत्या कापडाशी खेळताना गळफास बसल्याच्या घटना आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून सकाळी झोळी नुसती बाजूला सारायची नाही, हुकावरून काढून घडी करून ठेवायची. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि रात्री दोनदा-तीनदा उठावे लागणाऱ्या वयस्क माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पलंग सोडू नये. नवरा-बायकोने एकाच झोळीत झोपायचा विचारही सोडावा. दोन माणसे मध्यावर घसरत येतात आणि भार दुप्पट होतो.

भाईंदरमधल्या अनेक जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सोसायट्यांच्या सभांमध्ये पार्किंग, लिफ्ट, कार्पेट एरिया यांवर तासन्‌तास वाद होतात. नकाशे अजून कागदावर आहेत तोवर एक मागणी नोंदवता येते. हॉलच्या समोरासमोरच्या दोन बीमांत स्टेनलेस स्टीलचे एकेक बंद कडे काँक्रीट ओततानाच सळ्यांच्या पिंजऱ्यात अडकवून घ्यावे आणि संरचना अभियंत्याने माणसाचा भार धरून त्याचा हिशेब लेखी द्यावा. काँक्रीट ओतून झाल्यावर हेच काम करायचे म्हटले की ड्रिल, सळीचा शोध, सोसायटीची परवानगी आणि शंका हे सगळे पुन्हा मागे लागते.