वाघाची लांबी आणि शिकाऱ्याची फीत

शिकारीच्या मासिकांत बारा फुटी वाघ वारंवार भेटतो. जंगलांत तो कोणाला भेटल्याचा विश्वसनीय पुरावा मात्र सांपडत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांनीं लंडन-कलकत्त्याच्या नियतकालिकांकडे शिकारीचीं जीं वर्णनें धाडलीं, त्यांतून हा वाघ जन्मास आला. हिंदुस्थानांत वाघाच्या शिकारीस १९७० सालीं बंदी झाली तरी त्याचा वंश अद्याप खुंटलेला नाहीं. परदेशी मासिकांत त्याची जागा आतां आफ्रिकेंतील सिंहांनीं व रानरेड्यांनीं आणि अमेरिकेंतील अस्वलांनीं घेतली आहे. अशा कथेचा लेखक दूर असतो, वाचक आरामखुर्चींत असतो, आणि खरा साक्षीदार पेंढा भरून भिंतीवर टांगलेला असतो. उलटतपासणी करावी तरी कोणाची? तथापि यांतील कांहीं दावे घरबसल्या तपासतां येतात. त्यास बंदूक लागत नाहीं. थोडें अंकगणित आणि थोडा इतिहास पुरतो.

प्रथम लांबीचाच प्रश्न घ्यावा. मेलेला वाघ मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत जनावर सपाट जमिनीवर सरळ ताणून निजवितात, नाकाच्या टोंकाशीं एक व शेंपटीच्या टोंकाशीं दुसरी अशा दोन खुंट्या ठोकतात, धूड बाजूस सारतात आणि दोन खुंट्यांमधील सरळ अंतर मोजतात. दुसरींत फीत नाकापासून निघून कपाळ, मान, पाठ आणि शेंपटी यांच्या चढउतारांवरून फिरत जाते. या दुसऱ्या रीतीनें प्रामाणिकपणें मोजलें तरी दोनपासून सहा इंचांपर्यंत लांबी अधिक भरते. आणि प्रत्येक खळग्यांत फीत अंगठ्यानें दाबीत गेलें तर ती किती अधिक भरेल, हें मोजणाराच्या सदसद्विवेकबुद्धीवर अवलंबून राहील. आकडा कोणत्या रीतीचा हें लिहिण्याचें मासिकांतील वर्णनकारांस बहुधा सुचत नाहीं.

शिवाय या लांबींत शेंपटीचा वांटा फार मोठा. नऊ फुटी वाघांत सुमारें तीन फूट शेंपटीच असते, आणि ती प्रत्येक वाघाची सारखी नसते. धडानें सारख्याच असलेल्या दोन वाघांपैकीं एक केवळ शेंपटीच्या जोरावर दुसऱ्याहून ‘मोठा’ ठरूं शकतो. ज्याची कीर्ति पंजाच्या बळावर आणि जबड्याच्या ताकदीवर उभी, त्याची थोरवी शेंपटीनें ठरावी हा प्रकार गमतीचाच म्हटला पाहिजे. त्यांत पुन्हां कातड्याची भर. ओलें कातडें खुंट्या मारून ताणलें म्हणजे सहज फूटभर वाढतें; म्हणून केवळ कातड्यावरून घेतलेलें माप मुळींच जमेस धरूं नये.

खरा आकडा काय, हें ठाऊक नव्हतें अशांतला भाग नाहीं. मध्यप्रांताच्या जंगलखात्यांत आयुष्य घालविलेल्या डनबार ब्रँडर यांनीं १९२३ सालच्या आपल्या ग्रंथांत पूर्ण वाढलेल्या ४२ नरांचीं मापें विचारांत घेऊन खुंट्यांमधील सरासरी लांबी ९ फूट ३ इंच दिली आहे. दहा फुटी वाघ होतात, परंतु ते विरळा. १९३० सालीं जिम कॉर्बेट यांनीं मारलेला पोवलगढचा नामांकित वाघ १० फूट ७ इंच भरला. पण हें माप वळणांवरून घेतलेलें आहे, आणि कॉर्बेट यांनीं तसें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. त्या एका शब्दामुळें त्यांचा आकडा शास्त्राच्या उपयोगीं पडतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत तर या मोजमापांची चर्चा अनेक वर्षें चालली होती. अर्थात् ज्ञान उपलब्ध होतें. बाजारांत त्याला मागणी नव्हती. बड्या पाहुण्यांच्या शिकारीसाठीं कांहीं संस्थानांत अकरा इंचांचा फूट असलेली खास फीत ठेवीत, अशी वदंता आहे. ती खोटी असली तरी शिकारी मंडळींनींच ती चवीनें पसरविली, एवढ्यावरून या मापांवर त्यांचा स्वतःचा विश्वास किती होता तें कळून येतें.

वजनाविषयीं फार लिहावयास नको. पोटभर जेवलेल्या वाघाच्या पोटांतील मांसाचें वजनही त्याच्याच नांवावर पडतें, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. अंतराचेंही तसेंच. ज्या रानांत पन्नास पावलांपलीकडचें दिसत नाहीं, तेथें तीनशें यार्डांवरून मारलेल्या नेमाची हकीकत वाचतांना नकाशा शेजारीं ठेवावा.

याहून अधिक घातक दावा बंदुकीच्या गोळीचा आहे. ‘गोळी लागतांच चाल करून येणारा वाघ उलटा फेकला गेला’ हें वाक्य या मासिकांत इतक्यांदा येतें कीं त्याचा ठसाच करून ठेवावा. त्याची परीक्षा शाळकरी मुलगाही करूं शकेल. धक्क्याचें बळ गोळीचें वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकारानें मोजतात. ‘.४७० नायट्रो एक्स्प्रेस’ ही हत्तीच्या शिकारीची नांवाजलेली रायफल. तिची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे एका पौंडाचा चौदावा हिस्सा. वेग सेकंदाला सुमारें २१५० फूट. गुणाकार सुमारें १५४ येतो. वाघ ४०० पौंडांचा धरला तर सबंध गोळी त्याच्या अंगांत रुतूनही त्याला सेकंदास पुरा अर्धा फूटदेखील मागें लोटूं शकत नाहीं. उलट तो सेकंदास चाळीस-पंचेचाळीस फूट वेगानें धांवून येत असतो. हिशेब उघड आहे: वाघाचा वेग शंभरांत एका हिश्शाएवढाही कमी होत नाहीं.

हें गणित ज्यांना रुचत नाहीं त्यांनीं रायफलीच्या दुसऱ्या टोंकाकडे पाहावें. न्यूटनच्या नियमाप्रमाणें गोळीला पुढें जितका रेटा मिळतो तितकाच रायफलीला मागें मिळतो, आणि जळालेल्या दारूच्या वायूंचा रेटा त्यांत आणखी मिळतो. हा सगळा भार शिकाऱ्याचा खांदा झेलतो. शिकारी दीडशें पौंडांचा, वाघ चारशें पौंडांचा. ज्या धक्क्यानें वाघ उलटा उडतो म्हणतात, त्यानें शिकारी अगोदर झाडावर जाऊन बसला पाहिजे!

मग जनावर जागच्या जागीं कोसळतें तें कां? गोळी मेंदूस किंवा पाठीच्या कण्यास लागली म्हणजे पायांचें बळ तत्क्षणीं जातें आणि धांवतें धूड स्वतःच्याच वेगानें कोलांटी खातें. पाहणाराला तें फेकलें गेल्यासारखें दिसतें. आफ्रिकेंत हजारांवर हत्ती मारणाऱ्या डब्ल्यू. डी. एम. बेल यांनीं त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटर व्यासाच्या लहान रायफलीनें मारले, कारण हत्तीचा मेंदू कवटींत नेमका कोठें असतो याचा त्यांनीं कसोशीनें अभ्यास केला होता. जॉन टेलर यांनीं १९४८ सालीं रायफलींची तुलना करण्यासाठीं एक सूत्र मांडलें; हत्तीच्या डोक्यांत गोळी बसून मेंदू थोडक्यांत हुकला तर हत्ती किती सुन्न होईल, एवढ्याच प्रश्नाचें तें उत्तर होतें. पुढें मासिकांनीं तें वाटेल त्या जनावरास लावलें. त्यांत काडतुसें विकणारांचें हित होतें. मात्र ‘मोठी गोळी कोठेंही लागली तरी चालेल’ या भरंवशावर जो नवशिक्या जखमी रेड्याच्या मागें झाडींत शिरतो, त्याला ही थाप जिवावर बेतते.

अतिशयोक्तीचें तिसरें उदाहरण हिंदी माणसांशीं निगडित आहे, म्हणून त्याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. १८९८ सालीं पूर्व आफ्रिकेंत युगांडा रेल्वेचें काम चाललें असतां त्सावो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनीं मजुरांना तंबूंतून ओढून नेण्याचा सपाटा लाविला. कित्येक महिने हा प्रकार चालला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत पुलावरील अधिकारी जे. एच. पॅटर्सन यांनीं दोन्ही सिंह मारले. १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं २८ हिंदी मजूर बळी पडल्याचें लिहिलें आणि आफ्रिकी बळी पुष्कळ असून त्यांची नोंद कोणी ठेविली नाहीं असें म्हटलें. पुढें १९२५ च्या सुमारास त्यांच्याच एका पुस्तिकेंत हा आकडा १३५ झाला. तोच मग मासिकांनीं उचलला, आणि १९९६ च्या बोलपटांत १३० म्हणून तो पुन्हां अवतरला.

२००९ सालीं शास्त्रज्ञांनीं या सिंहांचीं हाडें व केंस तपासले. प्राणी जें खातो त्यांतील कार्बन व नायट्रोजन यांच्या जड-हलक्या अणूंचें प्रमाण त्याच्या शरीरांत उतरतें. केंस शेवटच्या कांहीं महिन्यांचें अन्न सांगतात, हाडें अनेक वर्षांचें. या पुराव्यावरून एका सिंहानें सुमारें २४ व दुसऱ्यानें सुमारें ११ माणसें खाल्लीं असावीं असें अनुमान निघालें. अनुमानाची मर्यादा मोठी आहे, खालीं ४ पासून वर ७२ पर्यंत. आणि मारून टाकलेलीं पण न खाल्लेलीं माणसें या हिशेबांत येत नाहींत, हेंही सांगणें न्यायाचें होईल. अधिक माणसें खाणाऱ्या सिंहाचा सुळा मोडून मुळाशीं गळूं झालें होतें. त्यांतच गुरांच्या सांथीनें त्या मुलखांतील रेडे व गुरें मरून गेलीं होतीं. सैतानी सिंहांच्या कथेपेक्षां ही हकीकत पटण्याजोगी आहे.

त्या रेल्वेवर कराची व मुंबई बंदरांतून सुमारें ३२,००० हिंदी मजूर नेले गेले, आणि त्यांतील सुमारें २५०० मरण पावले. ताप, अतिसार आणि अपघात यांनीं बहुतेकांचा बळी घेतला. त्यांच्यावर बोलपट निघाला नाहीं. सिंहांनीं नेलेल्यांचा आकडा मात्र पांचपट झाला.

दोन्ही सिंहांचीं कातडीं पॅटर्सन यांच्या घरीं बरींच वर्षें जमिनीवर अंथरलेलीं होतीं. १९२४ सालीं शिकागोच्या फील्ड म्यूझियमनें तीं ५,००० डॉलरला विकत घेतलीं आणि पेंढा भरून उभीं केलीं. गालिच्यासाठीं कडा कापल्या गेल्यामुळें कातडीं तोकडीं पडलीं होतीं. पहिला सिंह मारला तेव्हां ९ फूट ८ इंच भरल्याची नोंद आहे. कांचेच्या कपाटांत उभे असलेले ते दोघे आज प्रत्यक्षांत होते त्याहून लहान दिसतात.